इंग्रजीत किस्सा रंगवायचा म्हणजे

कामापुरतं इंग्रजी मला येत होतं. ईमेल, रिपोर्ट, क्लायंटचा कॉल, कुठेच अडत नव्हतं. अडायचं ते काम संपून गप्पा सुरू झाल्या की. कुणीतरी लहानपणीचा किस्सा सांगायचं, हशा पिकायचा, आणि माझ्याकडे त्याहून भारी किस्सा असूनही मी नुसती हसत बसायचे. मराठीत मला गप्प करणं किती अवघड आहे, ते आमच्या घरच्यांना विचारा.

शेवटी पुण्यातल्या एका टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करणाऱ्यांच्या मंडळात, नाव घातलं. १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेली ही चळवळ. इथलं पहिलं भाषण स्वतःबद्दलच करायचं असतं, ४ ते ६ मिनिटं. चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा लागतो, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल. शिवाय एक सभासद वही घेऊन तुमचे ‘अं’, ‘सो’, ‘यू नो’ मोजत बसलेला. त्या वहीची धास्ती मला लाल दिव्यापेक्षा जास्त होती.

माझा हुकमी किस्सा एसटीचा. मी लहान असताना सोलापूर-पुणे गाडीतून आम्ही येत होतो. इंदापूरच्या स्टँडवर बाबा भजी आणायला उतरले आणि गाडी सुटली. मी भोकाड पसरलं. कंडक्टर पुढे कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता. शेजारच्या नऊवारीतल्या आजी ताडकन उठल्या आणि त्यांनी घंटीची दोरी चांगली दोनदा खेचली. फाटकाशी रेंगाळलेली गाडी भन्नाट सुटली. मागून बाबा, हातात भज्यांचा पुडा.

मराठी माणूस ‘दोनदा खेचली’ ऐकल्याबरोबर हसतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्याला सांगावं लागत नाही. क्लबात मात्र निम्मे लोक बंगाली, तमिळ, पंजाबी. घंटीचा अर्थ नंतर सांगितला तर विनोद मेला. अगदी आधी सांगितला तर चलाख माणूस पुढचं ओळखून बसतो. माझं सगळं शिक्षण या एका जागेवर झालं म्हटलं तरी चालेल.

क्लबानं मला एक मेंटॉर दिल्या होत्या, मूळच्या तमिळ, बँकेतून निवृत्त. त्यांनी मला माझं लिहिलेलं भाषण बाजूला ठेवायला लावलं आणि म्हणाल्या, मला फोनवर सांग. मग विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाबद्दल बोलल्या. त्यानं आणि त्याच्या वालेत्स्की नावाच्या सहकाऱ्यानं १९६७ मध्ये साध्या माणसांनी तोंडी सांगितलेल्या अनुभवांची मांडणी तपासली होती: कोण-कुठे-केव्हा आधी येतं, मग घडामोड, मग शेवट, आणि मधूनमधून ‘हे मी तुम्हाला का सांगतोय’ याची जाणीव करून देणारी वाक्यं. सगळी मांडणी काही मला लागली नाही, पण घंटीची जागा सापडली. गाडी सोलापूरहून निघते तिथेच कंडक्टर एकदा टिंग करून कुणाला तरी चढवून घेतो, टिंग टिंग करून गाडी सोडतो. समजावणं नाही, नुसतं घडताना दाखवायचं. इंदापूर येईपर्यंत श्रोते ते विसरलेले असतात, आणि आजींनी दोरी धरली की त्यांना बरोब्बर आठवतं.

क्रियापदांचा घोळ त्यामानानं लवकर सुटला. मराठीत आपण ‘बघते तर काय, गाडी हललेली’ असं बिनधास्त काळ बदलत जातो. बाईंचा नियम सोपा होता: चालू असलेलं सगळं ‘वॉज’नं, अचानक घडलेलं साध्या भूतकाळात, आणि ‘हॅड’ला शक्यतो सुट्टी. आय वॉज क्राइंग, शी पुल्ड द रोप. एवढ्यावर किस्सा पळतो.

खरा त्रास शांततेचा झाला. आपल्याकडे किस्सा ऐकणारा ‘बरं’, ‘मग?’, ‘अगं बाई!’ करत निम्मं ओझं उचलतो. इथे माणसं हात बांधून, सभ्यपणे बघत बसतात. ती पोकळी भरायला तोंडातून ‘अं’ निघतो. त्यावर उपाय म्हणून मी घरी भिंतीकडे तोंड करून बोलायचे. नवऱ्याला सक्त ताकीद होती, हूं की चूं करायचं नाही. त्याला ते माझ्याहून जड गेलं.

आजींचं वाक्य मात्र मी मराठीतच ठेवलं: “थांबीव की रं मुडद्या!” बाईंनी भाषांतर सुचवून पाहिलं, मी ऐकलं नाही. भाषणाच्या दिवशी दोन घंट्यांवर हशा आला, थोडा उशिरा पण आला, आणि या वाक्यावर पुन्हा. अर्थ कुणी विचारला नाही. वहीवाल्यानं माझ्या नावावर बरेच ‘सो’ लावले, त्यातले काही मला आजही मान्य नाहीत.

आता ऑफिसात जेवताना छोटे किस्से जमतात. आयत्या वेळी विषय हातात देतात त्या टेबल टॉपिक्सला अजून गाडी अडते. तिथे घंटी कुठे पेरायची हे ठरवायला वेळच नसतो. पुढच्या महिन्यात चिठ्ठी मीच आधी उचलणार आहे, तसं बाईंना सांगून ठेवलंय.