इकोच्या खोलीतला आजचा दिवस
आज इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. रक्ताच्या कर्करोगावरचे तिचे उपचार दोन वर्षांपूर्वी संपले असून सध्या ती शाळेच्या धावण्याच्या शर्यतींत भाग घेते. गार जेल छातीला लागताच ती खुदकन हसली, आणि पडद्यावरचे चित्र हलल्यामुळे मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तिच्या उपचारांतले डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध कर्करोगाच्या पेशी मारते, पण हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकते, आणि ती इजा कित्येकदा वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दाखवत नाही. तिचे इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) ६० टक्के, म्हणजे अहवालात ‘सामान्य’ लिहून मोकळे होण्याजोगे होते. परंतु स्नायू लांबीच्या दिशेने किती आकसतो हे सांगणारा स्ट्रेन उपचारांपूर्वीच्या २१ वरून १७ वर आला होता, आणि मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून अधिक घट आम्ही गांभीर्याने घेतो. (तो जुना अहवाल आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, म्हणूनच तुलना करता आली.)

“हिचं धावणं बंद करू का?” आईने हळूच विचारले. सध्या धावू द्या, असे मी सांगितले, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली.