रीस्टार्ट का करत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, माऊस अडकलाय तर बंद करून चालू करा की! काळ्या स्क्रीनवर काय टाइप करत बसता?" संपादक विचारतात, जाहिरातवाले विचारतात, आमचे दीर आले की हटकून विचारतात. एकदाच लिहून टाकते.

विंडोज सोडून लिनक्स का, हे पुन्हा सांगणार नाही. स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्रामच्या १.५ मालिकेत देवनागरी जोडाक्षरं नीट उतरू लागली तेव्हाच माझ्यापुरता तो विषय संपला. माझा राग वेगळाच आहे. अडकला म्हणजे नक्की काय झालं, हे कुणी विचारतच नाही. थेट बटणाकडे हात.

बाणच हलत नसेल तर मी वायर बघते, माऊसच्या पोटाखालचा दिवा बघते. वायरलेस असेल तर रिसीव्हर यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून खोचलाय का, ते बघते. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलनेच २०१२ साली लिहून ठेवलंय. हातभर एक्स्टेन्शन लावली की बहुतेकदा भागतं. कधी वीज वाचवायच्या नादात पॉवरटॉपसारखं साधन सगळी यूएसबी उपकरणं 'ऑटो'वर टाकतं आणि हात जरा थांबला की माऊस झोपतो. डीमेसेग, म्हणजे यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी, त्यातल्या चार ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो? रीस्टार्टने हे काही काळ दबेल, एवढंच.

पण बाण हलतोय आणि क्लिक लागत नाही, हे दुखणं निराळं. तुमच्यापैकी निम्म्यांना ती दिवाळी आठवत असेल.

अप्पा बळवंत चौकाजवळची आमची खोली, दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा, प्रेसवरून सारखे फोन. संपादक खुर्चीमागे उभे. एका जाहिरातीचा फोटो शोधायला फाइल मॅनेजरमध्ये राइट क्लिक केलं, मेनू उघडला आणि तिथेच थिजला. एक्समध्ये, म्हणजे लिनक्सवर खिडक्या आणि माऊस सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, मेनू उघडणारा प्रोग्राम माऊस आणि कीबोर्ड दोन्ही स्वतःकडे धरून ठेवतो, म्हणजे बाहेर कुठेही क्लिक झालं तरी त्याला कळावं आणि मेनू मिटावा. तोच गोठला, तर माईक हातात धरून घेरी आलेल्या वक्त्यासारखी गत. सभा जागी असते, पण कुणाला बोलता येत नाही. बाण काढणारा एक्सचा सर्व्हर हा वेगळा प्रोग्राम, म्हणून बाण मात्र ऐटीत फिरतो.

"आधी सेव्ह करा आणि मग बंद करा," संपादक म्हणाले. अहो, कसं करू? कंट्रोल-एस स्क्रायबसपर्यंत पोचतच नव्हतं! मी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं, चालू प्रोग्राम दाखवणारी पीएस ही आज्ञा लावून फाइल मॅनेजरचा नंबर काढला. प्रोग्राम बंद पाडणारी आज्ञा किल, ती लिहून तो नंबर टाकत होते. तेवढ्यात संपादकांबरोबर आलेल्या मुलाला वाटलं, सगळं उडालं. त्याने काळजीपोटी यूपीएसचं बटण दाबलं.

मशीन पुन्हा चालू झालं. माऊस लख्ख चालत होता. "बघा, झाला की नाही सुरू!" तो खरोखर आनंदाने म्हणाला. शेवटच्या ऑटोसेव्हनंतर लावलेल्या सगळ्या दुरुस्त्या गेल्या होत्या, प्रुफं पुन्हा काढून पहिल्यापासून बसावं लागलं, आणि त्याला काय बोलावं तेच मला सुचेना. त्याचं म्हणणं खोटं कुठे होतं? माऊस सुरू झालाच होता.

तेव्हापासून हा किस्सा माझ्याविरुद्धच सांगितला जातो. ताई घोळ घालत बसल्या, पोराने एका बटणात सोडवलं.

आता भाच्याने काढलेली खोच. तो म्हणाला, "मावशी, मेनू स्क्रायबसचाच असता तर?" तर मलाही स्क्रायबसच मारावा लागला असता आणि तेवढंच काम गेलं असतं. हे खरं आहे. पूर्वी मी ते कबूलच केलं नसतं. रीस्टार्ट ही विंडोजवाल्यांची खोड, असं म्हणून मोकळी झाले असते. तेव्हा मला एक्सच्या जागी आलेला वेलँड माहीत नव्हता. तिथे खिडक्या रचणारा आणि माऊस सांभाळणारा एकच. तो गोठला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ सुद्धा लागेलच असं नाही. दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कमधून, या मशीनमध्ये शिरून त्याला मारलं, तर बहुधा सगळं सत्रच जातं. मग तुमचं बटण आणि माझं किल यात फरक किती उरला?

थोडा उरतो. एसएसएचने शिरले तर मारण्याआधी लॉग तरी वाचता येतो. त्यासाठी मी मशीनवर एसएसएच कायम चालू ठेवलंय. दिरांना हे पटलेलं नाही. छपाईचं कामही अजून एक्सवरच करते, आणि त्याचं कारण त्यांनी विचारलं तर ते पुन्हा कधीतरी.