वायोमिंगला सहकुटुंब प्राँगहॉर्नची शिकार: अर्जापासून कुकरपर्यंत

प्राँगहॉर्न म्हणजे अमेरिकेतल्या माळावरचं हरणासारखं जनावर. त्याच्या शिकारीच्या सहलीत बंदुकीचं काम दोन सेकंदांचं. जानेवारी ते ऑक्टोबर कागद, नकाशा आणि बर्फ यांच्या मागे जातात, आणि सहल फसते ती यांतल्याच कशात तरी. आम्ही डेन्व्हरहून दोघं आणि चौदा वर्षांची मुलगी असे वायोमिंगमधल्या कॅस्परच्या बाजूला जातो. इंटरस्टेट २५ वरून साधारण चार तास.

वायोमिंगच का, तर जगात सर्वांत जास्त प्राँगहॉर्न तिथे आहेत. स्थानिक लोक त्याला सर्रास अँटिलोप म्हणतात, पण आपल्या काळविटाच्या किंवा चिंकाऱ्याच्या जवळच्या नात्यातला तो नव्हे. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरलाय, आणि शिंगावरचं आवरण दरवर्षी गळून नवं येतं. २०२२-२३चा हिवाळा फार कडक गेला, बरीच जनावरं मेली आणि परवाने कापले गेले. त्यामुळे जुने आकडे धरून बेत करू नका. दरवर्षीची नियमपुस्तिका नव्याने वाचायची.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात आधी व्हिसाचा मुद्दा. एच-१बी किंवा एच-४ वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. अपवाद आहे तो वैध हंटिंग लायसन्सचा. म्हणजे आधी राहत्या राज्याचं लायसन्स काढायचं, मगच मित्राची रायफल शूटिंग रेंजवर हातात घ्यायची. आणि त्याची मुदत संपली की सवलतही संपली, मग रायफल कपाटात पडून असली तरी. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. त्याच्या जोडीला हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वायोमिंगमध्ये ते सक्तीचं आहे, दुसऱ्या राज्याचं चालतं. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी मूल साधारण बारा वर्षांचं हवं.

अर्ज जानेवारीत सुरू होतात आणि जूनच्या सुरुवातीला बंद. बाहेरच्या राज्यातल्यांना साधा परवाना ३२६ डॉलर, वेगळ्या सोडतीतला स्पेशल १,२०० डॉलर. मुलांचा ११० डॉलर. दर अर्जामागे १५ डॉलर वेगळे. परवान्याचे पैसे अर्ज करतानाच कापले जातात आणि नंबर लागला नाही तर परत येतात, हे १५ मात्र गेले. बाहेरच्यांचे तीन चतुर्थांश परवाने प्रेफरन्स पॉइंट (वर्षागणिक साठणारे अग्रक्रमाचे गुण) बघून, उरलेले निव्वळ सोडतीने. कुटुंबाने एका गटात अर्ज केला की पॉइंटांची सरासरी काढतात. दोघांचे चार-चार आणि मुलीचा शून्य असेल, तर गटाला तीनसुद्धा मिळत नाहीत. म्हणून अर्ज केला नाही त्या वर्षीही मुलांचे पॉइंट विकत घेऊन ठेवावेत. दहा डॉलरचं काम आहे.

टाइप १ म्हणजे नर-मादी कुठलंही जनावर. टाइप ६ म्हणजे मादी किंवा पाडस. टाइप ६ फक्त ३४ डॉलरला, मुलांना १९ला. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने शिंगांच्या मागे न लागता तोच घ्यावा असं माझं मत. मांस तेच, आणि मुलाला संधी जास्त मिळते.

आता खरी मेख. जिथले परवाने सहज मिळतात, सोडतीनंतरही उरतात, तिथे बहुतेक सगळी जमीन खासगी असते. हातात परवाना, समोर शंभर जनावरं, आणि मधे कुंपण. वायोमिंगमध्ये पाटी लावलेली नसली तरी परवानगीशिवाय आत जाता येत नाही. अर्ज भरण्याआधीच युनिटचा (परवाना ज्या विभागापुरता असतो त्याचा) नकाशा उघडून बीएलएमची, म्हणजे फेडरल जमीन खात्याची, जमीन किती आणि तिला रस्ता आहे का, ते बघायचं. नकाशावर या जमिनीचे पिवळ्या रंगाचे तुकडे भरपूर दिसतात, पण त्यांतले कित्येक चारही बाजूंनी रँचने वेढलेले असतात. राज्याने शिकारीसाठी खुल्या करून घेतलेल्या वॉक-इन एरियात नुसतं चालत जायचं. तशाच हंटर मॅनेजमेंट एरियासाठी ऑनलाइन परवानगीपत्र काढावं लागतं. नकाशाचं ॲप फोनवर ऑफलाइन उतरवून घ्या, कारण महामार्ग सोडला की रेंज जाते. सरकारी आणि खासगी जमिनीच्या बुद्धिबळाच्या पटासारख्या तुकड्यांत कोपऱ्यावरून पलीकडे जायचा वाद २०२५ मध्ये फेडरल अपील कोर्टात शिकाऱ्यांच्या बाजूने लागला. खासगी जमिनीला पाय न लावता ओलांडता येतं. पण जीपीएसची चूक पंधरा-वीस फुटांची असू शकते. सोबत मूल असताना मी त्या फंदात पडत नाही.

रायफल .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर काडतुसाची पुरते, धक्का कमी म्हणून मुलांना बऱ्या. २०० यार्डांवर झीरो करायची, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी यायला हवी. रेंजवर बाकावर बसून सराव करतात आणि माळावर बाक नसतो, हीच नेहमीची चूक. निम्मी काडतुसं बसून, शूटिंग स्टिकवर किंवा पाठपिशवीवर टेकून उडवा. अंतर डोळ्यांनी ठरवू नका. सपाट माळावर भलेभले फसतात, रेंजफाइंडरच हवा. आडवा वारा ताशी दहा मैल असला तर ३०० यार्डांवर गोळी सहा-आठ इंच सरकते, आणि वायोमिंगात दहा मैल म्हणजे वारा पडलाय असं समजतात. मुलीला आम्ही २०० यार्डांची मर्यादा घातली आहे.

जनावराची नजर भयंकर तीक्ष्ण. मैलभरावरून त्याने आपल्याला आधीच पाहिलेलं असतं. म्हणून टेकाडाच्या माथ्यावर उभं राहायचं नाही. दुर्बिणीने कळप शोधायचा, मग मागे सरकून ओघळीतून, घळीतून वाकून जायचं. शेवटचे शंभर यार्ड रांगत. जमिनीलगत फड्या निवडुंग पसरलेला असतो, तेव्हा गुडघ्यांना पॅड आणि हातात चामडी मोजे घ्या, शिवाय एक चिमटा. डोक्यावर किंवा अंगात भडक नारिंगी किंवा गुलाबी काहीतरी एक सक्तीचं. गाडीतून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडायची नाही, आणि बीएलएमच्या जमिनीवर आखलेला रस्ता सोडून गाडी घालायची नाही. पाऊस पडला तर तो कच्चा रस्ताही सोडा. तिथली चिकणमाती चाकाला लपेटून चाकच जाम करते.

नराच्या जबड्याखाली काळा पट्टा असतो आणि शिंगं बहुधा कानापेक्षा लांब. मादीलाही बारकी शिंगं असू शकतात, म्हणून आधी पट्टा बघा. जनावर आपल्याकडे कूस करून उभं राहीपर्यंत थांबायचं आणि मागे दुसरं नाही याची खात्री करायची. नेम पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात.

जनावर पडल्यावर जागा सोडण्याआधी कॅरकस कूपन, म्हणजे जनावराला लावायची चिठ्ठी. परवान्यापासून सुटं करायचं, तारीख-महिन्याची खाच कापायची, सही करायची. बॉलपेन थंडीत कधी कधी चालत नाही, दोन ठेवा. आईच्या परवान्यावर मुलीने किंवा उलट असा हिशेब चालत नाही. ज्याची गोळी, त्याचंच कूपन.

इथून पुढे घड्याळाशी शर्यत. सप्टेंबरअखेरीलाही दुपारी ७५-८० अंश फॅरनहाइट होतं. प्राँगहॉर्नचा केस पोकळ असतो, म्हणजे मेलेलं जनावर रजईत गुंडाळलेलं असतं. मांसाला उग्र वास येतो म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांतल्या बहुतेकांनी धूड गाडीच्या टपावर टाकून गाव दाखवत नेलेलं असतं. आम्ही तासाभरात कातडं उतरवतो. सुरी कातड्याच्या आतून बाहेर चालवायची, म्हणजे केस कापले जात नाहीत. बुडाजवळ वासाच्या ग्रंथी असतात. तिथल्या केसांना लागलेला हात मांसाला लावू नये. हातमोजे बदला. एक जण कातडं धरणार आणि दुसरा सोलणार. केसांना हात लावणारा मांसाकडे येत नाही. मग चारही पाय, पाठीचे दोन पट्टे आणि आतले दोन नाजूक तुकडे. मांडीचं मांस घोट्याच्या सांध्यापर्यंत आणि पुढच्या पायाचं गुडघ्यापर्यंत आणणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नर की मादी हे ओळखता येईल असा पुरावाही सोबत हवा. आम्ही डोकंच बरोबर ठेवतो.

सगळं सुती गेम बॅगमध्ये (शिकारीचं मांस ठेवायच्या पिशवीत) घालून वाऱ्यावर दहा मिनिटं टांगायचं आणि मग कूलरमध्ये. घरूनच गोठवलेले गॅलनचे आठ कॅन नेतो. सुटा बर्फ वितळून मांस पाण्यात तरंगतं आणि पांढुरकं पडतं. कॅनचं पाणी कॅनमध्येच राहतं आणि पुढे प्यायलाही होतं. १०० क्वार्टचा एक कूलर दोन जनावरांना पुरतो. एका जनावराचं हाडं काढलेलं मांस साधारण ३५ पौंड भरतं. गावातल्या प्रोसेसरकडे (मांस कापून-बांधून देणाऱ्याकडे) द्यायचं तर आधी फोन करा. हंगाम उघडतो तेव्हा जागा नसते.

घरी फ्रिजमध्ये तीन दिवस उघडं ठेवून मग साफ करायचं. चरबी सगळी काढा. ती टाळूला मेणासारखी चिकटते. वरचा चिवट पांढरा पापुद्राही काढायचा. पाठीचा पट्टा तव्यावर, आतून १३० अंश फॅरनहाइटला उतरवायचा. जास्त ठेवला की चामडं. खांद्याचं मात्र मटणासारखं: हळद-मीठ, आलं-लसूण लावून तासभर, मग कांदा-लसूण मसाल्यात कुकरच्या सहा शिट्ट्या. मांसात चरबी नसल्याने तेल नेहमीपेक्षा दीडपट घाला. नळ्या वेगळ्या ठेवा, त्यांचा पांढरा रस्सा होतो. खिम्यात दहा टक्के मटणाची चरबी मिसळली नाही तर तो कोरडा होऊन रवाळ लागतो.