जन्मानेच ख्रिस्ती, मग नवा जन्म कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला हिंदू मित्रांनी विचारला आहे, तसाच आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांनीही. मित्रांना वाटतं, नवा जन्म म्हणजे धर्मांतर, आणि ते तर आमच्या घरी पणजोबांच्या काळातच झालं. मंडळीतल्यांना वाटतं, बाळपणी बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, तोही झाला, आता आणखी काय व्हायचं राहिलं? दोघांनाही मी योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढायला सांगतो. नव्या जन्माचे हे शब्द येशू कोणाशी बोलला, ते आधी बघा.

रात्री भेटायला आलेला निकदेम हा परूशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, यहूद्यांच्या न्यायसभेचा सभासद, शास्त्र शिकवणारा माणूस. धर्माच्या बाबतीत त्याच्यात काही कमी काढायला जागा नव्हती. त्यालाच येशू सांगतो की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसायचं नाही. म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात पुन्हा कसं शिरायचं, असं निकदेम विचारतो. येशू पाणी आणि आत्मा यांच्याविषयी बोलतो, आणि वर म्हणतो की इस्राएलाचा गुरू असून तुला हे कळत नाही? कळायला हवं होतं, कारण यहेज्केल संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायात ते आहे. देव शुद्ध पाणी शिंपडील, दगडाचं हृदय काढून मांसाचं देईल, आपला आत्मा अंतरी घालील. तिथे सगळं करणारा देवच आहे. निकदेमाने आयुष्यभर जे केलं होतं ते वाईट नव्हतं, पण त्याने स्वतः केलेल्या कशानेही त्याला हे हृदय मिळणार नव्हतं.

लगेच पुढच्या, चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री येते, यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतली. पाच नवरे झालेले, आणि आता जो घरात आहे तो नवरा नाही. आपण असतो तर नव्याने जन्म घे असं तिला सांगितलं असतं. येशू तिला ते सांगत नाही, तिच्याकडे पाणी मागतो आणि जिवंत पाणी देऊ करतो. नव्या जन्माची गोष्ट त्याने आदल्या अध्यायातल्या धर्मनिष्ठ माणसासाठी ठेवली होती. हे एकदा दिसलं की आपल्यासारख्या रविवार न चुकवणाऱ्यांना तो तिसरा अध्याय सहजासहजी ओलांडता येत नाही.

या दोन अध्यायांमधून ज्यांचं आयुष्य गेलं अशा एका स्त्रीला महाराष्ट्र चांगला ओळखतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे ख्रिस्ती संन्यासिनींच्या एका भगिनी मंडळाच्या आश्रमात त्या राहत होत्या. लंडनमधल्या फुलहॅम इथे या भगिनींचं काम त्यांनी पाहिलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे मायेने वागवलं जात होतं. तुम्ही यांच्यासाठी एवढं का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. स्त्रीला असं वागवणारा ख्रिस्त त्यांच्या मनात भरला. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा आणि त्यांची छोटी मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

पुढच्या वर्षांत त्यांनी काय केलं नाही! अमेरिकेत व्याख्यानं दिली, तिथल्या लोकांची मदत उभी केली, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. ख्रिस्ती सेवा म्हणतात ती यापेक्षा आणखी काय असते? तरीही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हे स्वच्छ सांगितलं आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांनी वाचलं होतं. हा गृहस्थ कित्येक वर्षं उपदेश करत होता आणि त्याचं स्वतःचं परिवर्तन त्यानंतर झालं होतं. रमाबाईंना त्याचं नवल वाटलं, आणि मग स्वतःविषयीच प्रश्न पडला. देवासमोर उभं राहायची आपली तयारी नाही, आपण देवाचं लेकरू असल्याची साक्ष आत्मा आपल्याला देत नाही, हे त्यांना जाणवलं. त्यासाठी त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. आपल्या पांडित्यावर, आपल्या कामावर काही न टेकवता त्यांनी ख्रिस्तावर भरवसा टाकला. आधी चौथा अध्याय, मग तिसरा. मला माहीत असलेलं नव्या जन्माचं याहून प्रामाणिक वर्णन मराठी मुलखातून आलेलं नाही.

आता वादाचा मुद्दा. बाप्तिस्म्यातच नवा जन्म होतो असं वसईचे आमचे कॅथलिक बांधव मानतात, आणि पाण्याचा उल्लेख येशूनेच केला आहे, तेव्हा त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. काही मंडळ्यांत उलट टोक असतं: तारण कोणत्या तारखेला झालं ते सांगा, नाहीतर झालंच नाही. हे मला मुळीच पटत नाही. वारा हवा तिकडे वाहतो, तो कुठून येतो हे कळत नाही, असं येशू त्याच रात्री म्हणाला. निकदेमाची तारीख तरी कुठे आहे? सातव्या अध्यायात तो न्यायसभेत येशूच्या बाजूने एक सावध प्रश्न विचारतो, आणि एकोणिसाव्यात, येशू वधस्तंभावर मेल्यावर, शिष्य पांगलेले असताना, उघडपणे येशूच्या देहाला दफनापूर्वी लावायची सुगंधी द्रव्यं, गंधरस आणि अगरू, घेऊन येतो, आजच्या हिशेबाने तीसेक किलो. त्याच्यात केव्हा काय घडलं, ते योहान लिहीत नाही.

माझ्या आईलाही तारीख सांगता आली नसती. पण तिला प्रार्थना करताना ज्याने ऐकलं आहे, त्याला ती कोणाशी बोलते आहे याची शंका उरली नसेल. माझं तिच्यापेक्षा उशिरा झालं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी ‘तुमच्यासाठी दिलेलं शरीर’ हे शब्द लहानपणापासून ऐकत होतो, आणि चाळिशीनंतर एकदा त्या ‘तुमच्यासाठी’मध्ये मीही आहे हे मला कळलं. डोक्याला ते आधीच माहीत होतं. त्या दिवसापासून मी देवाकडे हिशेब द्यायला जात नाही, लेकराने बापाकडे जावं तसा जातो. राग येतो, चुका होतात, क्षमा मागावी लागते, आणि ती मागायला आता भीती वाटत नाही.

माझी मुलगी सध्या दृढीकरणाच्या वर्गाला जाते. तिनेही हेच विचारलं, तेव्हा तिला तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत वाच म्हटलं, आणि पाळकसाहेबांना विचारायचे प्रश्न लिहून ठेव म्हटलं. तुम्हीही तसंच करा.