तुम्ही विचारलंत म्हणून: दहा जुलैचं वाचन

दर वर्षी विचारता, म्हणून या खेपेला लिहूनच टाकते. दहा जुलैला परिपाठाच्या वेळी मी नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतल्या शौर्याच्या सर्वोच्च पदकाचं, मानपत्र मुलांना वाचून दाखवते. त्यानंतरच्या आठवड्यात कुणीतरी मला गाठतंच. कधी पालक असतात, कधी सहकारी, एकदा तर माझे व्याही होते. "बाई, इंग्रजांच्या फौजेत, इंग्रजांसाठी मेलेला माणूस. त्याचं कौतुक आपल्या मुलांना कशाला?"

घाडगे आपल्याच माणगाव तालुक्यातले, तेव्हा ते कोण हे तुम्हाला सांगायला नको. कचेरीजवळचा पुतळा रोज बघता. घाईत असले की मी म्हणते, शौर्य ते शौर्य, झेंडा कुणाचा का असेना. हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. झेंडा असतोच. १९४२च्या सप्टेंबरात इथून जवळच, महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि त्यावर गोळ्या चालल्या. ज्या सरकारनं त्या चालवल्या, त्याच सरकारच्या वर्दीत घाडगे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. पुढच्या वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली, तीही याच सरकारच्या राज्यात. हे मला कळत नाही असं समजून कृपा करून बोलू नका. तुमच्याआधी हा प्रश्न मीच विचारलाय, आणि तुमच्यापेक्षा फार वाईट शब्दांत.

एकोणीस वर्षांची होते. महाडला कॉलेजात होते, वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं मिळत होती. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, मराठा लाईट इन्फंट्रीतले. इटलीतच होते, पण घाडग्यांच्या पलटणीत नव्हते. घाडगे तिसऱ्या पलटणीचे, आबा पहिल्या. माजी सैनिकांच्या मेळाव्याहून आबा आले आणि जेवताना घाडग्यांचं नाव निघालं. मी म्हटलं, "आबा, खरं सांगायचं तर तुम्ही सगळे भाडोत्री होतात. पगारासाठी लढलात."

आजी वाढत होती, तिचा हात थांबला. आबांनी भात संपवला, ताटात हात धुतला आणि उठून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धो धो पाऊस, वीज गेलेली. आबा ओटीवर बसले होते, शेजारी कंदील आणि त्यांची तीन सेलांची बॅटरी. मला हाक मारली आणि एक घडी घातलेला कागद पुढे केला. मेळाव्यात मिळालेली मानपत्राची इंग्रजी प्रत होती. फौजेत त्यांना रोमन लिपीतलं उर्दू शिकवलं होतं, त्यामुळे अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. म्हणाले, "तुझं इंग्रजी चांगलं हाय. वाच. मराठीत सांग."

मी कालच्याच तोऱ्यात वाचायला लागले. १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं. कंपनीनं शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला केला. घाडग्यांचं सेक्शन, म्हणजे त्यांच्या हाताखालची छोटी तुकडी, अगदी जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडलं. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले. टॉमीगननं, म्हणजे हातातल्या स्वयंचलित बंदुकीनं, आणखी एकाला मारलं. गोळ्यांची मॅगझिन बदलायला वेळ नव्हता...

"थांब," आबा म्हणाले. "असं लिवलंय? वेळ नव्हता?"

"हो."

त्यांनी बॅटरी उचलली. मागचं झाकण फिरवून काढलं, सेल मांडीवर ओतले. मग एकेक सेल आत सारला, झाकण बसवलं, खटका दाबला. उजेड माझ्या तोंडावर पडला. "खटका दाबायचा, रिकामी काढायची, पिशवीतनं भरलेली घ्यायची, खाचेत बसवायची. बॅटरीपेक्षा लवकर होतं. डोळं मिटून करायचो आम्ही." थोडा वेळ पावसाकडे बघत राहिले. "तेवढा पण वेळ नव्हता त्याला. पुढं वाच."

पुढं असं आहे की त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारून ठार केलं. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा माझा आवाज कालचा राहिला नव्हता. आबा स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. "नळी तापलेली असती गो. तव्यासारखी."

शेवटची ओळ वाचली. शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, स्वतः जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस.

मी विचारलं, "पण आबा, कुणासाठी?" या वेळी खरंच विचारत होते. त्यांनी कागदाची घडी घातली. "पाठीमागं सेक्शन पडलं व्हतं ना." एवढंच. कागद खिशात घातला आणि आत गेले. 'भाडोत्री' या शब्दाबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. ते १९९६ साली गेले, तोपर्यंत आठ वर्षं हातात होती, तरीही.

आता तुम्ही म्हणाल, मग मिळालं की उत्तर. नाही मिळालं. पाठीमागं जखमी सोबती पडलेत, समोर गन चालू आहे, अशा वेळी माणूस राजासाठी लढत नाही, हे मी मानते. पण ते सेक्शन टायबरच्या खोऱ्यात नेलं कुणी? आमच्या डोंगरपट्ट्यातला भात सहा महिने पुरत नसे, म्हणून पोरं भरतीला जात. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसं फौजेत गेली, एकावरही सक्ती नव्हती. सक्ती नव्हती म्हणजे पर्याय होता, असं मात्र मला म्हणवत नाही. एकोणीस वर्षांची मी पगाराकडे बोट दाखवत होते, ते अगदीच खोटं नव्हतं. त्या पगारात घर चालत होतं, माझ्या वडिलांची शाळा चालत होती, आणि त्या शाळेच्या जिवावर मी भाषणं करत होते. हे तेव्हा तिला कुणी सांगायला हवं होतं.

आणि ती फक्त इंग्रजांची लढाई होती, हे तरी किती खरं? इटलीत हिंदी फौजेच्या तीन डिव्हिजन लढल्या, पाच हजारांहून जास्त आपली माणसं तिथे राहिली. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी सैनिकांचे आहेत. २०२३ साली मोंतोने या तिथल्या डोंगरावरच्या गावात घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत, असं त्याचं बोधवाक्य आहे. ती बातमी वाचून मी रडले, खोटं कशाला सांगू. त्या गावाला घाडगे कुणाच्या फौजेत होते हे ठाऊक आहे, आणि नाझींपासून आपली सुटका कुणी केली हेही ठाऊक आहे. पण लगेच मनात येतं, त्यांची सुटका करणारा हा पोरगा स्वतः पारतंत्र्यातून गेला होता आणि पारतंत्र्यातच मेला. घाडग्यांची समाधीही कुठे नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे, तेवढंच. पदक घ्यायला गेल्या त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. कित्येक वर्षं मी मुलांसमोर ते दस्त्यानं मारल्याचं वाक्य गाळत आले. "हातघाईची लढाई झाली," असं म्हणून पुढे जायचे. लहान मुलं आहेत, कशाला, असं स्वतःला समजवायचे. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, गोळ्या संपल्यावर त्यांनी काय केलं?" मी जसं आहे तसं सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग तोच म्हणाला, "आणि त्या दोघांची नावं काय होती?"

ती मानपत्रात नाहीत. मी तसं सांगितलं. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, असलं काहीबाही शाळेत वाचू नका म्हणून. त्यांचं म्हणणं मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

येत्या दहा तारखेला सकाळी प्रार्थनेनंतर मी पुन्हा वाचणार आहे. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी जरूर यावं, मागच्या ओळीत खुर्च्या ठेवते. ते एक वाक्य वाचेन की गाळेन, ते मात्र अजून ठरलेलं नाही. आबांचा कागद जुन्या घडीवर फाटत चाललाय, म्हणून मी त्याची नवी प्रत स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून काढलीय. तीत ते वाक्य आहे.