टकरीआधीची गाडी

डिमॉलिशन डर्बी म्हणजे जुन्या गाड्या मुद्दाम एकमेकींवर आदळायचा खेळ. त्यातल्या कॉम्पॅक्ट, म्हणजे छोट्या गाड्यांच्या वर्गातल्या गाड्या रिंगणात बहुतेक चार कारणांनी बंद पडतात: पेट्रोल पोहोचत नाही, करंट जातो, पाणी उकळतं किंवा चाक फिरवणारा पुढचा दांडा, ड्राइव्ह शाफ्ट, निसटतो. पत्रा चेपून बंद पडलेली गाडी त्या मानाने कमीच. तरी बहुतेक मंडळींचा सगळा वेळ वेल्डिंगवर जातो. गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ओहायोतल्या एका काउंटी फेअरसाठी, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या जत्रेसाठी, आमच्या गॅरेजात २००३ ची फोर्ड फोकस तयार झाली. तपासणीच्या दिवशी रांगेतल्या गाड्या बघताना हाच फरक दिसत होता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओल्या मातीच्या रिंगणात गाड्या एकमेकींवर आदळायच्या, शेवटपर्यंत चालत राहील ती जिंकली. साधारण मिनिटभरात टक्कर दिली नाही तर बाद. चालकाच्या दारावर मुद्दाम धडक दिली तरी बाद. १९५८ साली न्यू यॉर्कमधल्या आयस्लिप स्पीडवेवर लॅरी मेंडेलसोन यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. तेव्हापासून लांबलचक अमेरिकन गाड्यांचंच राज्य होतं. साठच्या दशकातल्या क्रायस्लर इम्पीरियल इतक्या दणकट की अनेक ठिकाणी त्यांना बंदी आहे. आता तशा गाड्या महाग झाल्या, म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा वर्ग फुगलाय.

आम्ही हॅचबॅक सोडून सेदान घेतली, कारण हॅचबॅकच्या मागच्या चाकांमागे चेपायला काही उरत नाही. टक्कर मागच्या बाजूनेच द्यायची असते. इंजिन, रेडिएटर, गिअरबॉक्स आणि ओढणारी चाकं सगळी पुढे, तेव्हा डिकी ही तुमची ढाल.

सुरुवात काढून टाकण्यापासून. एसीचा गॅस आधी यंत्राने काढून घ्यायचा, हवेत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे. बॅटरी सोडवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मगच एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेत बेल्ट झटकन आवळणारे) काढायचे. दाराच्या काचा फोडू नयेत, बोल्ट सोडून सबंध बाहेर घ्याव्यात. फोडल्या तर तुकडे दाराच्या पोकळीत साचतात आणि तपासनीस तिथे हमखास हात घालून बघतो. मागची काच फोडावीच लागली तर आत ताडपत्री अंथरून, वरून चिकटपट्टी लावून. गालिचा, छताचं अस्तर, प्लॅस्टिकचे बंपर, दिवे, सगळं बाहेर. जळेल ते काहीही आत नको.

खरी मेहनत पेट्रोलची. मूळ टाकी काढावीच लागते. तिच्या जागी बोटीची छोटी टाकी, सहा गॅलनची, मागच्या सीटच्या जागी मधोमध, लोखंडी चौकटीत बसवून फरशीतून आरपार बोल्ट आणि खाली मोठे वॉशर. सामान बांधायचे पट्टे चालत नाहीत. भरायचं दोन-तीन गॅलनच.

इथे पुष्कळ जण फसतात. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पंप पाच-सहा पीएसआय (दाबाचं एकक) देतो, इंजेक्शनच्या इंजिनाला त्याच्या आठ-दहा पट दाब लागतो. त्यात या काळातल्या बऱ्याच गाड्यांत पंप आणि दाब राखणारा रेग्युलेटर दोन्ही टाकीतच असतात. टाकी काढली की रेग्युलेटरही गेला. नुसता बाहेरचा जादा दाबाचा पंप जोडला तर इंजिन सुरू होतं, पण काळा धूर ओकतं आणि प्लग ओले होतात. म्हणून पंपानंतर फिल्टर, मग वेगळा रेग्युलेटर आणि त्यातून टाकीकडे परतीची नळी. नळी इंजेक्शनच्या दाबाचीच हवी, क्लिपही तशीच. साधा दातेरी क्लॅम्प नळी कापतो. नळी गाडीखालून न नेता आतून नेली, कारण पहिल्या चार टकरांत खालचा पत्रा मुडपतो.

फोर्डच्या त्या काळातल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट. धक्का बसला की पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विच. रस्त्यावर तो जीव वाचवतो, इथे पहिल्याच धडकेला गाडी बंद पाडतो. फोकसमध्ये तो पुढच्या सीटसमोर पायाजवळ, बाजूच्या पॅनेलमागे असतो. तो वगळून पंप साध्या टॉगल स्विचवर घेतला. हा स्विच चालकाच्या हाताशी तर हवाच, पण बाहेरून आगवाल्यालाही पोहोचता आला पाहिजे. म्हणून तो छताजवळ, लाल रंगात, शेजारी ठळक अक्षरांत नाव.

बॅटरी प्रवाशाच्या बाजूला फरशीवर, अँगलच्या चौकटीत, वर जाड रबर. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यातून, वायर जाते तिथे ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) नसेल तर पत्र्याची धार इन्सुलेशन खाते आणि आग तिथूनच लागते. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सकडे जाणारी मोठी वायर मोकळी ठेवली, ताणलेली वायर पहिल्या चेपाला तुटते. डॅशबोर्ड काढताना चावीभोवतीची कडी मात्र जपायची. चावीतली चिप ती कडी वाचते, कडी तुटली तर इंजिन सुरूच होत नाही.

थंड ठेवायचं तंत्र सोपं आहे. कूलंट काढून साधं पाणी, कारण सांडलेलं कूलंट विषारी आणि निसरडं. पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट काढला, पंखा थेट स्विचवर. हीटरच्या दोन्ही नळ्या इंजिनाकडेच एकमेकींना जोडल्या, नाहीतर हीटर फुटून उकळतं पाणी चालकाच्या पायांवर येतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरमधून फिरत असेल तर त्याला वेगळा कूलर हवा, एरवी रेडिएटर फुटला की गिअरबॉक्सही गेला.

पत्र्याचं काम मुद्दाम कमी. सीटमागे एक आडवा पाइप, डॅशच्या जागी दुसरा, दोन्ही बाजूंनी जोडलेले, टोकांना प्लेट. चालकाचं दार वेल्ड, बाकीची साखळीने. विंडशील्डच्या जागी छतापासून खाली दोन उभ्या पट्ट्या, बॉनेट उलटून आत येऊ नये म्हणून. बॉनेटला फूटभर भोक, आग विझवणाऱ्याचा पाइप जावा म्हणून. डिकीच्या बाजूच्या पत्र्यावर घणाने आडवी घडी पाडली, म्हणजे धडकेत मागचा भाग वर मुडपतो, चाकात शिरत नाही. चाकांवरच्या पत्र्याच्या कडा कापल्या. धारदार कड टायरला ब्लेडसारखी लागते.

तपासणीत आमच्या पुढच्या गाडीच्या मागच्या चासीवर नियमात न बसणारा सलग वेल्ड होता. तपासनिसाने खडूने रेघा मारल्या, "एवढं कापा, मगच या," एवढंच म्हणाला. ती मंडळी ग्राइंडर शोधत फिरत होती. आमच्याकडे त्याने टाकी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, इंजिन सुरू असताना पंपाचा स्विच बंद करायला लावला आणि ते बंद पडेपर्यंत थांबला. हे योग्यच. माझ्या मते सगळ्या तपासणीत महत्त्वाची गोष्ट हीच.

रिंगणात एका फोर्ड टॉरसला मागून पहिलीच धडक बसली आणि ती जागीच थांबली. स्टार्टर फिरत होता, इंजिन घेत नव्हतं. टॉरसचा इनर्शिया स्विच डिकीत असतो. आमची फोकस रेडिएटर फुटल्यावरही बराच वेळ चालली, आणि शेवटी डावं पुढचं चाक टाय रॉडपासून (स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्यापासून) सुटून आडवं झालं, शाफ्ट निघून आला. टाय रॉड मजबूत करायची परवानगी तिथल्या नियमांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी टाकी, पंप, रेग्युलेटर, कूलर, बॅटरीची चौकट आणि पाइप उतरवून घेतले. पंप पुन्हा वापरण्याआधी फिल्टर कापून बघायचा, टाकीतला कचरा त्यात दिसतो. नळ्या मात्र नव्याच घ्यायच्या, एकदा दबलेली नळी परत लावू नये. उरलेला सांगाडा मालकीच्या कागदासह भंगारवाल्याकडे.