मोरचूद, खिळे आणि संत्र्याची बाग

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिहा असा व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला तोवर गॅदरिंग, क्रिकेट, सहल सगळं बाकीच्यांनी बुक करून टाकलं होतं, म्हणून मी आपली केमिस्ट्रीची लॅब घेतली.

दहावीत धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी, म्हणजे कोणता धातू किती क्रियाशील त्याची उतरती यादी, पाठ करायला लागायची, पोटॅशियम सगळ्यात वर, सोनं सगळ्यात खाली, आणि मला ते निव्वळ घोकंपट्टीचं काम वाटायचं. मग सरांनी मोरचुदाच्या (म्हणजे कॉपर सल्फेटच्या) निळ्या पाण्यात पॉलिश पेपरनं घासलेला खिळा दोऱ्यानं सोडला. थोड्या वेळानं बाहेर काढला तर खिळ्यावर तांबूस थर, आणि पाण्याचा निळा रंग जाऊन फिकट हिरवा व्हायला लागलेला. लोखंड श्रेणीत तांब्याच्या वर, म्हणून ते तांब्याला द्रावणातून हाकलतं आणि स्वतः फेरस सल्फेट होऊन बसतं, उलटं मात्र होत नाही, फेरस सल्फेटमध्ये तांब्याची तार कितीही वेळ ठेवा, काही होत नाही.

मी म्हटलं, सर हे तर आमच्याकडे बागेत होते ना! आमची काटोलकडं संत्र्याची बाग, डिंक्या (झाडातून डिंक गळायचा रोग) येऊ नये म्हणून बाबा बोर्डो नावाचं बुरशीवरचं मिश्रण करायचे, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. सगळं प्लास्टिकच्या ड्रममध्ये, लोखंडी बादलीला हात लावू द्यायचे नाहीत. झालं की त्यात विळा बुडवून बघायचे, पात्यावर लाली आली की म्हणायचे अजून चुना टाक. काहून, ते कधी सांगितलं नाही, त्यांनाही आजोबांनी एवढंच सांगितलं होतं. सरांनी ते तिथंच फळ्यावर लिहून समजावलं, की चुना पुरेसा असला तर तांबं हायड्रॉक्साइड होऊन अडकतं, कमी पडला तर ते पाण्यात विरघळलेलं राहतं, विळ्यावर चढतं आणि फवारलं तर कोवळी पानंही जाळतं. त्या दिवशी मी घरी जाऊन बाबांना लेक्चर दिलं, ते म्हणाले बरं, आता ड्रम धू.

सिल्व्हर नायट्रेटचा प्रयोग मात्र फक्त सरांच्या टेबलावर व्हायचा, महाग म्हणून. तांब्याच्या तारेवर चांदीच्या चकचकीत सुया फुटायच्या, पाणी निळं पडायचं, मागचे पोरं बेंचवर चढून बघायचे. आमच्यातल्या एकानं विचारलं, सर, ही चांदी इतवारीत सराफ्यात विकली तर? सर म्हणाले, सिल्व्हर नायट्रेट चांदीपासूनच बनवतात बाप्पा, आधी तिथून चांदी घेऊन ये.